येताना विमान दमतं का?

"बाई, विमान परत येताना दमतं का?"

हा प्रश्न विचारायची पैज लागली होती. लंबू म्हणाली होती, "विचारलास तर खिडकीजवळची जागा महिनाभर तुझी." चष्मिशने साक्षीदार म्हणून मान डोलावली होती. दोघी मैत्रिणींची खात्री होती की ही कसली विचारतेय. गेल्या वर्षापर्यंत हीच मुलगी हजेरीला "हजर" म्हणायची, तेव्हा आवाज नक्की कुठून आला हे बघायला बाईंना चष्मा सारखा करावा लागायचा. पण यंदा वक्तृत्व स्पर्धेत तिला चक्क बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला जी चाकं फुटली ती थांबायचं नाव घेईनात. वर्गाने तिचं नाव ठेवलं भोंगा. तिला ती पदवी वाटायची.

भूगोलाच्या बाई नकाशा गुंडाळता गुंडाळता थांबल्या. "काय म्हणालीस?"

"विमान, बाई. जाताना पटकन जातं आणि येताना..."

"वारा," बाई म्हणाल्या. "समोरून वारा आला की वेळ लागतो. खाली बस."

"पण बाई, अंतर तर दोन्हीकडून तेवढंच ना? मग जाताना एक तास आणि येताना पाच तास..."

पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. सगळा वर्ग खिदळायला लागला. मागच्या बाकावरून कुणीतरी इंजिनाच्या आवाजात लांबलचक जांभई दिली. दुसरं कुणीतरी म्हणालं, "घरी जायचं म्हणून पाय ओढत असेल." बाईंना वाटलं, हा सगळा बेत त्यांची फिरकी घेण्यासाठी आधीपासून शिजलेला आहे.

"बाहेर उभी राहा," त्या म्हणाल्या. "तुलाही जरा वारा लागू दे."

भोंगा व्हरांड्यात उभी राहिली ती धुमसतच. वर्गाबाहेर काढल्याचं दुःख नव्हतं. राग याचा होता की प्रश्न शंभर टक्के खरा होता. पैज फक्त तो विचारण्याची होती, प्रश्न तिचा स्वतःचा होता, आणि त्याचा पुरावा तिच्या दप्तरात घडी घालून ठेवलेला होता. मावशीने पाठवलेलं विमानाचं तिकीट. तीन महिन्यांपूर्वी मावशीची बदली समुद्रापलीकडच्या दूरच्या शहरात झाली होती आणि आता सुट्टीत भाचीने तिच्याकडे यावं, एकटीने यावं, म्हणून तिने जाण्यायेण्याचं तिकीटच काढून धाडलं होतं. त्यावर स्वच्छ छापलं होतं. इथून निघणार सकाळी नऊला, तिथे पोचणार दहाला. परत येताना तिथून निघणार अकराला आणि इथे उतरणार दुपारी चारला. आता यात हसण्यासारखं काय होतं?

मधल्या सुट्टीत ती लंबू आणि चष्मिशसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आज जाते विमान कंपनीच्या ऑफिसात. उद्या उत्तर आणून बाईंच्या टेबलावर ठेवते. भूगोल कशाशी खातात ते अख्ख्या वर्गाला दाखवते."

"ठेवशील ना नक्की?" चष्मिशने विचारलं.

"नाही ठेवलं तर नाव बदलेन."

"कुठलं? खरं की भोंगा?" लंबू म्हणाली.

शाळा सुटल्यावर ती घरी न जाता थेट बाबांच्या दुकानात शिरली. दुकान घराच्या खालीच होतं आणि बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. भिंतीवर, कपाटात, काउंटरवर नुसती घड्याळंच घड्याळं. सगळी आजारी. एकात सकाळ, दुसऱ्यात संध्याकाळ, एक उलटं चालणारं, एक दर पाच मिनिटांनी बाराचे ठोके देणारं. बाबा म्हणायचे, या दुकानात खरं बोलणारं घड्याळ एकच, ते म्हणजे माझ्या समोरचं. अशा घरात वाढलेल्या मुलीला दोन घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत याचं काही म्हणजे काही वाटत नसे. जुळत नाहीत म्हणजे एक बिघडलंय. बाबा करतील.

बाबा डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात डोकावत होते.

"बाबा, मावशीकडे जायचं ना, फक्त एक तास लागतो. एक. माझी शाळेची बस याहून जास्त वेळ घेते. तुम्ही उगीच लांब लांब म्हणून घाबरता."

"मी विमानाला घाबरत नाही," बाबा भिंग न काढता म्हणाले. "मी तुझ्या मावशीला घाबरतो. तुला विमानतळावर घ्यायला ती येणार ना? कुठल्या घड्याळात बघून येणार?"

इथे खरी गोम होती. मावशी निघाली तेव्हा बाबांनी तिला एक जुनं मनगटी घड्याळ भेट दिलं होतं. आठवडाभर खपून, एकेक चाक पुसून त्यांनी ते चालू केलं होतं. आणि तिकडे पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मावशीचा निरोप आला, "भावोजी, घड्याळ फार सुंदर. पण त्याला इथलं पाणी मानवलेलं दिसत नाही. दोन तास पुढेच धावतंय." शेवटी एक दात काढून हसणारा चेहरा. बाबांच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन तास! त्यांच्या हाताखालून गेलेलं घड्याळ दोन सेकंद पुढे गेलं तर ते रात्री जेवायचे नाहीत. तेव्हापासून मावशीचा फोन आला की बाबांना नेमकं दुकानात काम निघायचं.

"जिला चांगलं घड्याळ नीट वापरता येत नाही," बाबा म्हणाले, "ती तुला घ्यायला दोन तास आधीच येईल आणि कंटाळून परत जाईल. मग परक्या गावात तू काय करणार? भोंगा वाजवणार? मी मुलगी पाठवणार नाही. विषय संपला."

विषय असा संपतो होय? मुलीने तिकीट त्यांच्या भिंगासमोर धरलं. "वाचा तरी. एक तास."

बाबांनी वाचलं. सवयीने खालची ओळही वाचली. मग भिंग काढलं आणि साध्या डोळ्यांनी पुन्हा वाचलं.

"आणि येताना पाच?"

"तेच तर. मी बाईंना हेच विचारलं, तर मला वर्गाबाहेर काढलं. म्हणे वारा."

"वारा?" बाबांचा आवाज चढला. "वाऱ्याने चार तास वाढतात? हे विमान आहे की पतंग? जाताना एक तास म्हणजे येताना एक तास. राहिले चार. त्या चार तासांत हे लोक माझ्या मुलीला कुठे फिरवणार आहेत?"

"म्हणजे माझा प्रश्न बरोबर होता ना?"

"शंभर टक्के बरोबर होता. आणि वर्गाबाहेर काढलं?"

"सगळ्यांसमोर."

मग काय विचारता. बाबांनी भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं. शेजारचा चांभार काम थांबवून बघत राहिला, कारण असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. बापलेक तरातरा निघाले. दोघांची चाल एक, दोघांच्या नाकपुड्या एकसारख्या फुललेल्या.

विमान कंपनीच्या ऑफिसात गारेगार वारा होता, ताज्या रंगाचा वास होता आणि तोबा गर्दी होती. यंत्राने त्यांना नंबराची चिठ्ठी दिली. त्यांच्या पुढे इतके लोक होते की रागाचं लोणचं घालून ते मुरेपर्यंत वेळ होता. दोघं भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसली आणि बाबांची नजर समोर गेली.

समोरच्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर पाच घड्याळं ओळीने टांगलेली होती. मोठी, महागाची, एकाच कंपनीची. आणि पाचांची तोंडं पाच दिशांना.

बाबा हळूच उठले, मनगटावरच्या घड्याळात बघितलं, पुन्हा भिंतीकडे बघितलं. एखाद्या डॉक्टरने बसस्टॉपवर पाच माणसं ताप येऊन बसलेली बघावीत तसा त्यांचा चेहरा झाला.

"मधलं एक शहाणं आहे," ते म्हणाले. "बाकी चार वाया गेलेली. बंदही नाहीत गं. छान चालतायत बिचारी. फक्त कुणी लक्ष दिलेलं नाही. आणि ही माणसं लोकांना विमानाच्या वेळा सांगतात!"

"म्हणूनच तिकिटावर वाट्टेल ते छापलंय," मुलगी म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे अशा अभिमानाने पाहिलं की वक्तृत्वाच्या बक्षिसालाही पाहिलं नव्हतं. "बरोबर बोललीस. रोगाचं मूळ इथेच आहे. खुर्ची धर."

तिने खुर्ची घट्ट धरली. बाबा चढले, पहिलं घड्याळ उतरवलं, मागची चावी फिरवून काटे जाग्यावर आणले, फुंकर मारली, परत टांगलं. मग दुसरं. मग तिसऱ्याला वगळून चौथं. इतकी सफाई होती की गर्दीतल्या लोकांना वाटलं, कंपनीचाच माणूस आहे. एका बाईंनी तर त्यांना पंखाही दुरुस्त करणार का म्हणून विचारलं. भोंग्याची छाती फुगली होती. उद्या वर्गात हे सुद्धा सांगायचं, तिने ठरवलं. बाईंना म्हणावं, तुम्ही वाऱ्याचं बोलत बसा, माझ्या बाबांनी विमान कंपनीची घड्याळं सुधारली.

एवढ्यात काउंटरवर गडबड सुरू झाली. एक आजोबा खिडकीशी उभे होते. त्यांना परदेशात राहणाऱ्या मुलाला फोन करायचा होता आणि काउंटरवरची ताई त्यांना मदत करत होती.

"आता नका करू आजोबा," ती म्हणाली. "तिकडे आता पहाट असेल, मुलगा झोपला..." बोलता बोलता तिने सवयीने भिंतीकडे मान वळवली आणि तिचं वाक्य तसंच लटकलं. "नाही. करा. दुपार आहे."

"मघाशी पहाट होती ना?" आजोबा म्हणाले.

"हो. मघाशी होती."

"इतक्यात दुपार?"

ताईने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. मग शेजारच्या खिडकीतल्या ताईला कोपर मारलं. मग दोघींनी मिळून पाहिलं. पाच घड्याळं शिस्तीत एकच वेळ दाखवत होती, शाळेच्या कवायतीसारखी. पाचव्याला बाबा शेवटचा हात फिरवत होते.

आतल्या केबिनमधून मॅनेजर धावत आले. टाय खांद्यावर गेला होता. "घड्याळांना कुणी हात लावला?"

"मी," बाबा खुर्चीवरूनच म्हणाले. "पैसे नकोत. आभारही मानू नका. फक्त यापुढे इतकं दुर्लक्ष करू नका. चांगल्या जातीची घड्याळं आहेत."

"अहो काका, ती बरोबर होती."

"चारच्या चार?"

"पाचच्या पाच. पाच वेगवेगळ्या शहरांच्या वेळा आहेत त्या."

बाबांचा राग अजून उतारावर लागला नव्हता. "शहरांच्या असोत नाहीतर कुणाच्या. दोन दोन, पाच पाच तास चुकतात म्हणजे काय? दुरुस्त करून घ्यायला नकोत?"

"शहरं?" मॅनेजरांनी विचारलं.

भोंग्याचं लक्ष मात्र केव्हाच दुसरीकडे गेलं होतं. भिंतीखालच्या छोट्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. खुर्ची धरून धरून हात अवघडला म्हणून तिने तिथे कोपर टेकलं, कागद सरकला आणि आतून पितळी पाट्या डोकावल्या. रंगकाम करताना भिंतीवरून उतरवलेल्या, अजून परत न लावलेल्या. प्रत्येकीवर एका शहराचं नाव. वरून दुसरी पाटी मावशीच्या शहराची होती.

"ही पाटी कुठल्या घड्याळाखालची?" तिने विचारलं. आवाज गेल्या वर्षीचा होता. मॅनेजरांना वाकून ऐकावं लागलं.

"डावीकडून दुसरं. तिथे आपल्यापेक्षा दोन तास मागे असतं."

आणि मग तिला सगळं आठवलं. अक्षरशः सगळं. पृथ्वी फिरते, एका ठिकाणी सूर्य आधी उगवतो, दुसरीकडे मागाहून, म्हणून ठिकाणाठिकाणांच्या वेळा वेगळ्या. हा धडा होता. सहामाही परीक्षेत होता. तिने त्यावर दीड पान लिहिलं होतं, रंगीत खडूने आकृती काढली होती आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण धडा परीक्षेत लिहायचा असतो. तो असा तिकिटावर येऊन बसेल, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. विमान जाताना तीन तास घेत होतं आणि येतानाही तीनच. अंतर तेवढंच, वेळ तेवढाच. विमान बिलकूल दमत नव्हतं.

बाबा खुर्चीवरून उतरले आणि त्याच खुर्चीवर बसले.

"दोन तास मागे," ते म्हणाले. "हे मला माहीत नाही होय? परदेशी जाणाऱ्या गिऱ्हाइकांची घड्याळं मी स्वतः लावून देतो. म्हणजे आपल्या वेळेला लावलेलं घड्याळ कुणी तिथे नेलं, तर..."

"तर दोन तास पुढे दिसणार," मॅनेजर म्हणाले. "साधी गोष्ट आहे."

"फार सुंदर चालत असलं, तरच बरोबर दोन तास," बाबा म्हणाले, आणि ते फार हळू म्हणाले.

मॅनेजर आता खरे तापले. काउंटरसमोर चारजण आपली वेळ बरोबर आहे ना म्हणून तिकिटं नाचवत होते, आजोबा अजून पहाट की दुपार यातच अडकले होते. "काका, आता हे पूर्ववत कोण करणार? आमच्यापैकी कुणालाही पाठ नाही."

"मला आहे," बाबा म्हणाले. कुठलं घड्याळ किती चुकलं होतं, म्हणजे चुकलं नव्हतं, ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. ते पुन्हा खुर्चीवर चढले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी धडधाकट घड्याळं आपल्या हाताने चुकवली. प्रत्येक काटा फिरवताना त्यांचा चेहरा असा होता, जणू कुणी त्यांना जेवणात खडे मिसळायला सांगितलंय. मुलीने खुर्ची धरली, पण या वेळी मान खाली घालून. सगळं झाल्यावर तिने पाट्याही एकेक करून हातात दिल्या. इतक्यात काउंटरवर त्यांचा नंबर पुकारला गेला.

"बोला, काय प्रश्न होता?" ताईने विचारलं.

"काही नाही," बापलेक एका सुरात म्हणाले.

बापलेक परत निघाले. चौकात आल्यावर बाबा म्हणाले, "तुझ्या मावशीला फोन लाव." मुलीने फोन काढला. "थांब. नको. तिथे आता कमी वाजले असतील, कामात असेल. संध्याकाळी लावू." मग दहा पावलं गेल्यावर, "तू तरी सांगायचंस. तुला शाळेत शिकवत नाहीत का हे?"

"तुम्ही तर म्हणालात प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे."

"प्रश्न बरोबरच होता," बाबा म्हणाले. "उत्तर आपल्याला माहीत होतं, एवढंच चुकलं."

संध्याकाळी आई ड्यूटीवरून आली. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि घरी आल्यावर आधी पाय वर करून पाच मिनिटं कुणाचं काही ऐकायची नाही. आज दोन मिनिटांतच तिने पाय खाली घेतले. सगळं ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"तुला ठाऊक होतं?" मुलीने विचारलं.

"अगं, बहीण आहे ती माझी. रोज बोलते मी तिच्याशी. दोन तास धरूनच फोन करते."

"मग तीन महिने सांगितलं का नाहीस?" बाबा म्हणाले.

"सांगितलं नाही? मी नुसतं 'अहो, तिथे' एवढं म्हणायचा अवकाश, तुम्ही भिंग डोळ्याला लावून मोकळे. भिंगाशी कोण बोलणार?"

फोन लागला. बाबांनी घसा तीनदा साफ केला आणि शेवटी एवढंच विचारलं, "घड्याळ कसं आहे?"

"भावोजी?" पलीकडून मावशीचा आनंद फोनमधून सांडला. "एकदम झकास. एक सेकंद इकडेतिकडे नाही. मी काटे अजून मागे केलेच नाहीत. इथली वेळ काय, कुठेही दिसते. मनगटावर ताईच्या घरची वेळ ठेवलीय. आता ताई निघाली असेल, आता तुम्ही शटर ओढलं असेल, असं बघत बसते."

बाबांनी खिशातून भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं. समोर घड्याळ नव्हतं. तरी बराच वेळ लावून ठेवलं.

"पोरीला पाठवतोय," ते म्हणाले. "एकटीच येईल. दहाला उतरेल. तुझ्या भिंतीवरच्या घड्याळातले दहा, मनगटावरचे नव्हे. मनगटावरचे बारा."

"भावोजी, मला कळतं."

"तुला कळतं गं. मी मलाच सांगतोय."

भोंग्याला नाचावंसं वाटायला हवं होतं, आणि ती उठलीही होती, तेवढ्यात तिच्या फोनवर लंबूचा निरोप आला. "खिडकीची जागा तुझी. उद्या सगळा वर्ग वाट बघतोय. बाईंनाही सांगितलंय की तू विमान कंपनीचं उत्तर आणतेयस. बाई म्हणाल्या, आण म्हणावं, फळ्यासमोर उभी राहून सांग." खाली चष्मिशचा वेगळा निरोप होता, "अगं, सहामाहीत हाच धडा होता ना? तुला पैकीच्या पैकी होते. मला आत्ता आठवलं."

ती मटकन बसली. मग पुन्हा उठली, वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिली होती तशी दोन्ही पाय जुळवून आईबाबांसमोर उभी राहिली.

"मी एक निर्णय घेतला आहे."

"आता काय?" बाबा म्हणाले. "येताना बोटीने यायचंय?"

"मावशीकडे मी एकटी जाणार. त्यात बदल नाही. पण उद्या मी शाळेत जाणार नाही. उद्या माझ्या पोटात दुखणार आहे."

आईने नर्सच्या नजरेने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "किती वाजता दुखणार आहे?"

"भूगोलाच्या तासाला," भोंगा म्हणाली. "इथल्या वेळेप्रमाणे."